चाळीस रुपये जास्त

दुसऱ्या शनिवारी तहसील बंद असते,
तेव्हा समोरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बैठक भरते.
शटर अर्धं खाली. मशीनवर चहाचे कप ठेवू नका,
हे मी दर महिन्याला सांगते, दर महिन्याला ठेवतात.

सेनगाव तालुका शाखा. सभासद अकरा,
येणारे पाच, माझ्यासकट.
दिल्लीच्या मुख्य कार्यालयाचा फॉर्म आलाय, हिंदीत.
रकाना सात : या वर्षी रोखलेली लाच, रुपयांत.
"रोखलेली म्हंजी?" खाजाभाई टेलर विचारतात,
कानामागचा खडू काढून.
"मागितली अन् दिली न्हाई ती,
का मागायचीच ऱ्हायली ती?"
सिद्धोधन म्हणतो, शून्य लिहा.
निदान आपण तरी खरं लिहू.

शून्य कसं लिहू?
माळावरचे तीन सिमेंट बंधारे आहेत माझ्या फायलीत,
मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, खोली, खाली सही.
माळावर शेळ्या आहेत.
प्रयागबाई अंगणवाडी सुटल्यावर चालत जाऊन बघून आल्या,
पायातला काटा इथं बसून काढला.
अर्जाला दहाचं तिकीट लावलं.
तीस दिवसांनी उत्तर : माहिती संकलित नाही.
अपील. मग दुसरं अपील.
तारीख पुढच्या फाल्गुनात.
ज्या बाबूनं ते उत्तर लिहिलं
तो त्याची प्रत काढायला माझ्याकडेच आला.
दोन रुपये पान. मी सुटे परत दिले.

भुजंगराव कोपऱ्यात, स्टुलावर. रिटायर तलाठी.
कुठली सही घरी बसून केलीय,
कुठली तारीख मागून घुसवलीय,
बोट ठेवून सांगतात, चष्मा न लावता.
पहिल्याच बैठकीत म्हणाले होते,
"म्या खाल्लंय. म्हणून चव वळखू येती."
सिद्धोधन त्या दिवशी उठून गेला.
पुढच्या महिन्यात आला, त्यांच्यापासून लांब बसला.
अजून तिथंच बसतो.

मग आमचा हिशोब.
वर्गणी, पोस्ट, तिकिटं, चहा, दोन वेळचं एसटी भाडं.
डब्यात चाळीस रुपये जास्त.
पुन्हा मोजले. जास्तच.
कमी भरले असते तर मी गुपचूप घातले असते,
घातलेतही मागं एकदा, कुणाला बोलले नाही.
"जास्त हायत तर बरंच की," खाजाभाई.
"आज जास्त चालले," प्रयागबाई म्हणाल्या, "तर उद्या कमी चालतील."
लाईट गेली. मोबाईलच्या उजेडात
प्रत्येक पावती उलटीसुलटी करून पाहिली.
दुसऱ्यांच्या वहीतला आकडा वासानं काढणारे भुजंगराव
स्टेपलरकडे बघत बसले होते.

एक्क्याण्णव साली माझ्या बापानं
फेर ओढायला पैसे दिले होते,
चावडीपुढच्या लिंबाखाली, पानाच्या पुडीत घालून.
मी सायकलच्या दांडीवर. घेणाऱ्याचं मनगट तेवढं दिसलं,
काळ्या पट्ट्याचं घड्याळ.
पण ते तीस होते.
चाळीस नाही, तीस. बाप मरेपर्यंत आकडा सांगायचा.
वरचे दहा व्याज म्हणावं तर फार कमी.
दुसऱ्या कुणाचे असतील.
किंवा खरंच कुणी चहाचे दोनदा टाकले असतील.

नियम नऊ : निनावी रक्कम स्वीकारू नये.
मी पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला.
तारीख. अक्षरी रुपये चाळीस फक्त.
"नाव?" मी अंधाराला विचारलं.

भुजंगराव पायानं चप्पल शोधत होते.
"उशीर झाला पोरी, शेवटची जीप जाईल."
शटरखालून वाकून गेले. वाकताना हात गुडघ्यावर,
बाही वर सरकली. मनगटावर काही नव्हतं.

नावाच्या जागी मी पेन नुसतं टेकवून धरलं होतं.
खालच्या प्रतीवर ठिपका उमटला असेल.
लाईट आली. मशीन आपोआप सुरू झालं,
कोरा कागद बाहेर आला, त्यावर कपाचा गोल डाग.
खाजाभाईंनी खडू परत कानामागं खोचला.
"मग, शून्य लिहिलं का?"